चार काड्यांचा चार

वर्गातलं घड्याळ मगन गुरुजींनी
निवृत्तीच्या दिवशी दिलेलं.
आकडे नाहीत त्यात, नुसत्या काड्या.
एका मंगळवारी हितेंद्र कोळी उभा राहिला,
"बाई, हाऊ चार चुकेल शे."
मी शिकवलेला चार: एक काडी, पुढे एक चोच.
घड्याळातला चार: चार काड्या,
बांधावरच्या खांबांसारख्या सरळ.

मला उत्तर येत नव्हतं.
तिथून रोम सुरू झालं.

दुसऱ्या दिवशी पऱ्हाटीच्या काड्या आल्या, पोतंभर.
चोपड्याच्या या अंगाला जानेवारीत
दुसरं काय फुकट मिळतं?
पोरांनी पटांगणात जन्मसालं मांडली.
शेळीनं रेहाना तडवीची शेवटची काडी ओढून खाल्ली
आणि रेहाना जागच्या जागी
एका वर्षानं मोठी झाली.

मग चादरी.
गुमानच्या चादरीवर मोर होता,
तो बरोबर पाठीवर आला.
एकच खांदा झाकायचा, मी चित्रात बघून सांगत होते,
डाव्या हातावर सगळा घोळ तोलायचा,
हात हलवायचा नाही.
"मंग काम कसं करतस?" रेहाना.
करायचं नाही, म्हणूनच तसे कपडे, मी म्हणाले,
आणि माझं मलाच ते नवीन वाटलं.

हेही सांगितलं, वाचलेलं,
की आपल्या बाजूचं सुती कापड
बैलांवरून भडोचला जायचं, तिथून गलबतानं त्यांच्याकडे.
हितेंद्रनं लगेच विचारलं,
"भाव काय दिधा त्यास्नी?"

शुक्रवारी चिठ्ठ्या काढल्या.
कुणी सेनापती, कुणी पाववाला, सभेचे सरदार पाच.
झिनी पावरानं चिठ्ठी उघडली, मिटली,
परत उघडली.
"याले पगार कितला?"
नसतो.
"सुट्टी?"
नाही.
"मंग तो पळी का नही गया?"
वर्गात पंखा नाही, तरी मी वर पाहिलं.
मग म्हणाले, चला, बाहेर चला, कमान बांधू.

विटा झिनीच्याच बापानं पाठवलेल्या,
अनेरकाठच्या भट्टीवरच्या, कडा उडालेल्या.
दोन खांब रचले. मधे जुनं टायर, अर्धं वर.
सरदारांनी वीट ठेवली, घसरली.
परत ठेवली, परत घसरली.
झिनीनं बादली ओढली.
"पह्यले भिजाडा. कोरडी वीट गाऱ्यातलं पाणी पी टाकस."
विळ्याच्या पाठीनं तिनं एकेक वीट खालून तासली,
एका बाजूनं निमुळती,
डोळा मिटून नेम बघत, जसं तिची आई बघत असणार.
कधी ते कळलं नाही,
पण चादरी निंबाच्या फांदीवर गेल्या होत्या
आणि सेनापती गारा तुडवत होता,
पाचही सरदार ओळीनं उभे,
हातोहात विटा देत,
"झिनी, हाई चालई का?"
"नही. दुसरी."

मधली वीट तिनं ठोकून बसवली.
टायर काढायला कुणी पुढे होईना.
गुमाननं ओढलं.
कमान जराशी बसली,
बोटभर गारा सांडला,
मग थांबली.
कुणीच टाळ्या वाजवल्या नाहीत. पहिल्यांदा
एक कोंबडी गेली खालून, कुणाची तरी,
तेव्हा सगळे ओरडले.

सोमवारी केंद्रप्रमुख आले.
"हे कोणत्या घटकात येतं?"
मी भूमिती म्हणाले.
त्यांनी पायानं जरा ढकलून पाहिली,
वहीत काहीतरी लिहिलं, चहा नको म्हणाले.

चाराचं अजून कळलेलं नाही.
हितेंद्र रोज घड्याळाकडे बघतो, मग माझ्याकडे.

काल टेबलाचा खण आवरताना
चुरगळलेली चिठ्ठी सापडली.
एका बाजूला 'गुलाम', माझ्या अक्षरात,
वळणदार, शाळेच्या फळ्यावर शोभेल असं.
मागे पेन्सिलीनं
दोन फुल्या, एक चोच, दोन काड्या.
मी बाहेर जाऊन मोजल्या.
कमानीत विटा सत्तावीसच आहेत.